मेल, एक्सेल आणि 'फायनल_२_नवीन': ऑफिसातली कामं सॉफ्टवेअरने "कनेक्ट" करायची म्हणजे नक्की काय करायचं?

खर्डेघाशी:

नमस्कार मंडळी,

आधी परिस्थिती सांगते म्हणजे प्रश्न कळेल. आमचं ऑफिस चाळीसेक माणसांचं. कुणाला काही सामान हवं असेल तर एक एक्सेलचा फॉर्म आहे, तो भरायचा, आपल्या विभागप्रमुखाला मेल करायचा, तो बघून अकाउंट्सला पाठवणार, अकाउंट्स बजेट बघून मोठ्या साहेबांकडे, साहेबांनी "ओके" लिहिलं की खरेदीवाले ऑर्डर टाकणार. सांगायला एकदम सरळ. प्रत्यक्षात काय होतं की विभागप्रमुख आकडा बदलून फाईल दुसऱ्या नावाने सेव्ह करतो, अकाउंट्सवाले स्वतःचा एक कॉलम घुसवतात, मूळ मागणी करणाऱ्याला मध्येच काहीतरी आठवतं म्हणून तो नवीनच फाईल पाठवतो, आणि शेवटी खरेदीच्या टेबलावर 'मागणी_फायनल', 'मागणी_फायनल_२' आणि 'मागणी_फायनल_२_नवीन_हीच_घ्या' अशी तीन भावंडं पोचतात. गेल्या महिन्यात मंजुरी बारा खुर्च्यांची होती आणि आल्या वीस, कारण साहेबांनी ज्या मेलला ओके म्हटलं त्यात बारा होत्या आणि खरेदीने उघडलेली फाईल वेगळीच. चूक कुणाची यावर तीन दिवस मेलामेली झाली, आणि त्या प्रत्येक मेललाही पुराव्यादाखल परत फाईली जोडलेल्या!

आता वरून फर्मान आलंय की "काहीतरी सॉफ्टवेअर बघा, सगळं कनेक्ट करून टाका", आणि ते बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी काही आयटीवाली नाही. दोन डेमो बघितले, दोन्हीकडे पडद्यावर बाण इकडून तिकडे पळत होते आणि चौकोन हिरवे होत होते. छान वाटलं. पण बाहेर आल्यावर मला एक वाक्य सांगता येईना की आमचं घोडं जिथे पेंड खातंय तिथे हे नक्की काय करणार.

आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन आधीपासून आहे पण वापर म्हणजे आउटलुक, वर्ड, एक्सेल आणि मीटिंगपुरतं टीम्स. तर नवीन काही घ्यायची गरज आहे का आहे त्यातच भागेल? शेअरपॉइंट, वनड्राइव्ह, टीम्स, लिस्ट्स, पॉवर ऑटोमेट यातलं कोण काय करतं हे कुणी माणसाच्या भाषेत सांगेल का? आणि मुळात जोडायचं म्हणजे कशाला काय जोडायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


दप्तरदार:

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकीचे त्याच्या पोटात येतात, म्हणून तिथूनच सुरू करतो. जरा लांबण लागेल, निवृत्त माणूस आहे, सांभाळून घ्या.

कागदी फाईलच्या काळात मी पंचवीसेक वर्षं काढली. त्या फाईलीला आपण नावं ठेवतो पण तिच्यात एक गंमत होती. फाईल एकच असायची. आत मूळ अर्ज, डाव्या बाजूला टिपणी आणि शेरे, आणि ती फाईल ज्याच्या टेबलावर पडलीय त्याच्याकडे काम अडलंय हे शिपायालासुद्धा माहीत असायचं. म्हणजे मजकूर, कोण काय म्हणालं, आणि आता पाळी कुणाची, या तीन गोष्टी एकाच दोऱ्यात बांधलेल्या होत्या. वर आवक-जावक रजिस्टर. हळू चालायचं, फाईली हरवायच्या, मुद्दाम दाबून पण ठेवल्या जायच्या, ते सगळं खरं, पण एकाच मागणीच्या तीन फाईली फिरताहेत असं सहसा व्हायचं नाही.

मेल आला आणि हा दोरा सुटला. मजकूर गेला अटॅचमेंटमध्ये, शेरे गेले मेलच्या मजकुरात, आणि पाळी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नाही, ते ज्याच्या त्याच्या डोक्यात. त्यात अटॅचमेंट म्हणजे प्रत. तुम्ही पाच जणांना फाईल जोडून पाठवली की जगात सहा फाईली झाल्या, एक तुमची आणि पाच त्यांच्या, आणि सहाही जणांना वाटतंय आपलीच खरी. तुमच्या वीस खुर्च्या तिथून आल्या. त्यात खरेदीवाल्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर बघताना डेमोवाल्याला एवढंच विचारा की एक मागणी उघडली तर तिच्यात काय मागितलंय, आतापर्यंत कोण काय म्हणालं आणि आता कुणाकडे अडलंय हे तिन्ही एका जागी दिसतं का, आणि ती जागा सगळ्यांना एकच आहे का. बाण नंतर.

अवांतर: ही कल्पना काही आजची नाही. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संगणक संशोधकाने १९६८ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जो प्रसिद्ध डेमो दिला त्यात दोन लांबच्या ठिकाणची माणसं एकाच पडद्यावरचा मजकूर बघत काम करत होती, माउस लोकांनी तिथेच पहिल्यांदा बघितला. आणि १९८९ मध्ये लोटस नोट्स आलं, म्हणजे वेब लोकांपर्यंत पोचायच्याही आधी. त्यात मेल, फॉर्म, त्या फॉर्मची यादी आणि "हा अर्ज आता पुढच्याकडे" हा प्रवास सगळं एकाच पेटीत होतं. आम्ही ते वापरलंय. दिसायला भयंकर होतं, बटणं कुठे लपवलीत ते सापडायचं नाही, पण रजेचा अर्ज कुणाकडे पडलाय ते एका नजरेत कळायचं. नंतर सगळे मेल आणि एक्सेलवर गेले आणि आता परत तेच शोधत फिरताहेत.


शून्यावर_भागा:

दप्तरदारांना दंडवत, "पाळी कुणाची" हे एकदम बरोबर पकडलंत.

खर्डेघाशी, मी आता तुमच्या मधल्या प्रश्नाचं बघतो. नवीन काही घेऊ नका, निदान आत्ता तरी. जे आहे त्याचा नकाशा असा. वनड्राइव्ह म्हणजे तुमच्या टेबलाचा खण, त्यातल्या फाईली तुमच्या. शेअरपॉइंट म्हणजे विभागाचं कपाट, फाईली विभागाच्या, माणूस बदलला तरी तिथेच. टीम्समध्ये गोंधळ असा होतो की ते स्वतः फाईली ठेवतच नाही. चॅनेलमध्ये टाकलेली फाईल मागे शेअरपॉइंटवर जाते, पण खाजगी चॅटमध्ये पाठवलेली फाईल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हवर राहते. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि मग सहा महिन्यांनी "अहो तुम्हीच तर चॅटवर पाठवली होती" सुरू होतं. म्हणून पहिला नियम, कामाची फाईल चॅटवर नाही, चॅनेलमध्ये. दुसरा नियम, मेलला फाईल जोडायची नाही, लिंक टाकायची. हे दोन जरी पाळले तरी अर्ध्या भावंडांचा जन्मच होणार नाही.

शेअरपॉइंटवर फाईल असली की वर्ड-एक्सेलमध्ये दोघंतिघं एकाच वेळी लिहू शकतात आणि जुन्या आवृत्त्या आपोआप साठतात, साधारण ५०० पर्यंत डीफॉल्टला, म्हणजे 'फायनल_२' असं नाव द्यायची गरजच नाही, मागे जाऊन कालची बघता येते. चुकून उडवलेली फाईलही ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये असते. एकाच वेळी दोघं एकाच ओळीत लिहितात तेव्हा गोंधळ कसा होत नाही असं कुणाला वाटत असेल तर, यासाठीचं ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन नावाचं एक तंत्र १९८९ मधल्या एलिस आणि गिब्ज यांच्या पेपरमधलं आहे. मी तुमच्या जागेच्या अलीकडे दहा अक्षरं घातली तर तुमच्या बदलाची जागा दहाने पुढे सरकवायची, ही मूळ आयडिया. गूगल डॉक्स याच वाटेने चालतं.

आता मुख्य मुद्दा. तुमचा मागणीचा फॉर्म एक्सेलमध्ये ठेवूच नका. फाईल शेअर केली तरी ती फाईलच राहते, तिला स्वतःची अवस्था नसते. त्याऐवजी मायक्रोसॉफ्ट लिस्ट्समध्ये एक यादी करा, एक मागणी म्हणजे एक ओळ. कॉलम: काय हवं, किती, कशासाठी, कुणी मागितलं, कधीपर्यंत, आणि सगळ्यात महत्त्वाचे दोन, 'अवस्था' आणि 'आता कुणाकडे'. एवढ्यावरच महिनाभर चालवा, हाताने अवस्था बदला. मग पॉवर ऑटोमेट लावा, म्हणजे काही बदललं की ठरवलेली पावलं आपोआप करणारं (त्या पावलांच्या साखळीला फ्लो म्हणतात), त्यात मंजुरीचं तयार पाऊल आहे, साहेबांना मेलमध्ये आणि टीम्समध्ये मंजूर-नामंजूरची बटणं जातात आणि उत्तर परत यादीत येऊन बसतं. दोन जणांना विचारायचं असेल तर "कुणीही एकाने दिलं तरी चालेल" का "सगळ्यांनी द्यायलाच हवं" हे आधी ठरवा, दोन्ही पर्याय आहेत आणि चुकीचा निवडला तर मजा येते.

आम्ही दोन खड्ड्यांत पडलोय ते सांगून ठेवतो. एक, फ्लो यादीतल्या बदलावर सुरू होतो आणि फ्लो स्वतःच अवस्था बदलतो, म्हणजे परत बदल झाला, परत फ्लो सुरू. आमच्या साहेबांना एकाच मागणीची मंजुरी सकाळभर येत राहिली, ते बिचारे देत राहिले. ट्रिगरला, म्हणजे फ्लो ज्यावर सुरू होतो त्या घटनेला, अट घालायची की अवस्था 'नवीन' असेल तरच चाल. दोन, एक फ्लो जास्तीत जास्त ३० दिवस वाट बघतो, मग मरतो. साहेब महिनाभर उत्तरच देत नसतील तर मागणी गुपचूप हवेत विरते आणि कुणाला कळत पण नाही. म्हणून पाच-सात दिवसांनी आठवण जाईल असं बसवा.

आणि हो, खुर्च्यांचं. मंजुरी मिळाल्यावर कुणी संख्या बदलली तर अवस्था आपोआप परत 'नवीन' झाली पाहिजे. साहेबांनी मंजूर केलं ते बारा हा आकडा, 'खुर्च्या' हा शब्द नाही. बारा बदलले की ती मंजुरी संपली.

जे गूगलवर आहेत त्यांच्यासाठी: फॉर्म्स, त्याची उत्तरं शीट्समध्ये, थोडं अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलची छोटे प्रोग्रॅम लिहायची सोय), आणि फाईली कुणाच्या खाजगी ड्राइव्हवर नाही तर शेअर्ड ड्राइव्हवर. तत्त्व तेच.


रिकामटेकडा_पण_ऑफिसात:

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे 'हीच_घ्या' नंतर 'हीच_घ्या_शपथ' पण आहे. (कृ. ह. घ्या.)


मधली_सुट्टी:

वरचं सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि तरी मी थोडं थंड पाणी ओतणार आहे. राग मानू नका, पोळलेली आहे.

आमच्या ऑफिसात असंच मंजुरीचं सॉफ्टवेअर आणलं, नाव घेत नाही, सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनी भरलं. दोन महिन्यांनी बघावं तर खरेदी फोनवर ठरायची, सामान यायचं, आणि मग कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी बसून सगळ्या मागण्या सिस्टिममध्ये "तयार" करायचं, साहेब पाच मिनिटांत वीस मंजुऱ्या द्यायचे, रिपोर्टमध्ये आमचा सरासरी मंजुरीचा वेळ बघून वरच्यांनी कौतुक केलं. वरातीमागून घोडं, आणि घोड्याला बक्षीस!

का झालं असं? तर फॉर्मला सत्तावीस रकाने होते. कारण डिझाइन करताना प्रत्येक विभागाला विचारलं "तुम्हाला काय माहिती हवी" आणि प्रत्येकाने सांगितली. ती माहिती भरणाऱ्याला काय पडतं हे कुणी विचारलं नाही. पेनांचा एक डबा मागवायला "प्रकल्प संकेतांक" लागत होता जो फक्त अकाउंट्समधल्या एकाच बाईंना माहीत. मग लोक त्यांना फोन करायचे. म्हणजे सॉफ्टवेअर येऊन फोन वाढले.

दुसरं, जे कुणी उघड बोलत नाही. आमच्या प्रक्रियेच्या चित्रात पाच मंजुऱ्या होत्या, पण खरा निर्णय एकच माणूस घ्यायचा आणि तो चित्रात नव्हताच. साहेबांचे सहायक. ते "साहेब आज मूडमध्ये नाहीत, उद्या पाठवा" म्हणाले की उद्या. सॉफ्टवेअरला हे दिसत नाही, ते मागणी थेट साहेबांकडे नेऊन ठेवतं, आणि साहेब ते उघडत नाहीत कारण आयुष्यात त्यांनी सहायकाने पुढे ठेवलेलंच उघडलंय. मग काय झालं असेल? बरोबर. साहेबांचा पासवर्ड सहायकाकडे. लॉगमध्ये दिसतंय साहेबांनी रात्री नऊ वाजता मंजूर केलं, साहेब त्या वेळी विमानात. ऑडिटमध्ये हे निघालं तेव्हा सहायकांवर सगळे धावून गेले, पण मला विचाराल तर त्यांच्यावर खापर फोडून काय उपयोग, मंजुरी दुसऱ्याकडे सोपवायची सोयच कुणी बसवली नव्हती. रजेवर असताना कुणाच्या नावाने कोण मंजूर करणार, कितीपर्यंतच्या रकमेला, आणि लॉगमध्ये "अमक्याच्या वतीने तमक्याने" असं स्पष्ट उमटेल का, हे पहिल्या दिवशी ठरवा. प्लीज.

मेल्विन कॉन्वे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलंय की संस्था जी सिस्टिम बनवते ती त्या संस्थेत कोण कुणाशी कसं बोलतं त्याचीच नक्कल असते. आमच्या सिस्टिममध्ये सहायक नव्हते, म्हणून सहायकांनी स्वतःला सिस्टिममध्ये घुसवलं, पासवर्डसकट.

तर खर्डेघाशी, यादी वगैरे करायच्या आधी एक आठवडा फक्त एक मागणी हातात धरून तिच्या मागे चाला. कोण कुणाला खरंच काय विचारतं ते लिहा. नियमपुस्तिकेत लिहिलंय ते नाही.


शून्यावर_भागा:

@मधली_सुट्टी, सत्तावीस रकान्यांवर सहमत, मी सुचवलेल्या यादीत म्हणूनच सात आहेत. पण मला एक सांगा, शुक्रवारचं ते नाटक दिसलं ना तुम्हाला? वीस मंजुऱ्या पाच मिनिटांत, हे मेलच्या काळात कुणाला कधी दिसलं असतं?


मधली_सुट्टी:

दिसलं मला. कौतुक करणाऱ्यांना नाही दिसलं. आकडे होते, बघणारं कुणी नव्हतं.


तिहेरी_ताळा:

अकाउंट्समध्ये आहे. तुम्ही सगळे मंजुरीवर अडकलायत पण मंजुरी हा प्रवासाचा पहिला थांबा आहे हो. मागणी मंजूर झाली, पुढे? खरेदी ऑर्डर, मग सामान आल्याची पावती, मग पुरवठादाराचं बिल, मग पेमेंट. बिल माझ्याकडे आलं की मी तीन कागद शेजारी शेजारी ठेवते, ऑर्डर काय होती, प्रत्यक्ष किती आलं, बिल कितीचं. तिन्ही जुळले तर पैसे. याला थ्री-वे मॅच म्हणतात आणि माझ्या आयडीचा उगम तोच. तुमच्या खुर्च्यांच्या बाबतीत हे तीन कागद अगदी छान जुळले असणार बघा, ऑर्डर वीसची, आल्या वीस, बिल वीसचं! माझ्याकडून पैसे पण सुटले असते. चूक सापडायची तर चौथा कागद, म्हणजे मूळ मंजूर मागणी, ऑर्डरला बांधलेला असायला हवा होता.

आणि बांधायचं म्हणजे फाईल फाईलला नाही. नंबरने. प्रत्येक मागणीला एक नंबर, ऑर्डरवर तो मागणीचा नंबर, पावतीवर ऑर्डरचा नंबर, बिलाच्या नोंदीतही ऑर्डरचाच. प्रत्येक कागदाला आपला मागचा कागद माहीत असला की कुठूनही धरा, अख्खी माळ हातात येते. नावाने शोधायचं म्हटलं तर 'खुर्ची', 'खुर्च्या', 'चेअर' असे तीन प्रकार, नंबरला असली नाटकं नाहीत.

ईआरपी म्हणतात ते, म्हणजे संस्थेचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुळात हेच करतं. ईआरपीनेक्स्टमधलं उदाहरण देते कारण ते ओपन सोर्स आहे, बघता येतं. तिथे कागदाच्या तीन अवस्था असतात, कच्चा, सादर केलेला, रद्द. आतमध्ये ०, १, २ अशा नोंदल्या जातात. कच्चा असेपर्यंत हवं ते बदला. एकदा सादर केला की महत्त्वाचे रकाने बंद, आकडा बदलायचाच असेल तर तो कागद रद्द करायचा आणि सुधारित काढायचा, त्याच्या नंबराला शेवटी -१ लागतं, आणि रद्द झालेला मूळ कागद तिथेच राहतो, पुसला जात नाही. नवीन लोक वैतागतात, "एवढासा आकडा तर बदलायचाय!" पण एक्सेलच्या सेलमधला आकडा उद्या काय असेल याची खात्री कुणी द्यायची? वर्ड-एक्सेलच्या फाईलीला हे कळतच नाही की आपण आता कुणाचा तरी शब्द झालोय.

चाळीस माणसांसाठी लगेच ईआरपी घ्या असं नाही म्हणत मी. लिस्ट्समध्ये आपोआप आयडी नंबर मिळतो, तोच मागणी क्रमांक म्हणून वापरा आणि ऑर्डरवर छापा. खरेदीने नंबर नसलेली ऑर्डर काढायची नाही, आणि आम्ही नंबर नसलेलं बिल घ्यायचं नाही. एवढा हट्ट धरला की बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ येतात, कारण पैसे शेवटी आमच्या खिडकीतून जातात :)


शून्यावर_भागा:

+१, नंबरचं मी विसरलोच होतो. आणि एक्सेलच्या भरवशावर कागदांची माळ ठेवू नये यावर एक खरा किस्सा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस वेळेवर मोजणीत आल्याच नाहीत. लॅबकडून आलेली माहिती एका सिस्टिममधून दुसरीकडे नेताना मध्ये जुना एक्सएलएस फॉरमॅट होता, त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात, पुढच्या गळून पडल्या. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्सला दहा लाखांच्या वर ओळी चालतात, पण मधल्या पावलात जुनाच होता. दोन्हीकडच्या सिस्टिम धडधाकट, मधला पूल म्हणजे एक स्प्रेडशीट.


कुलूपकिल्ली:

कुणी माणूस नोकरी सोडून गेल्यावर काय, हे विचारलंच नाही म्हणून लिहितो, मी ऑफिसातला अ‍ॅडमिन, शिव्या मलाच पडतात.

हा सगळा फ्लो तुम्ही तुमच्या स्वतःच्या खात्यावरून बनवणार. मेल तुमच्या खात्यातून जाणार, यादीत बदल तुमच्या परवानगीने होणार. उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात, मी तुमचं खातं बंद केलं, की काही दिवसांत तुमचा फ्लोही आडवा. आमच्याकडे असं झालं तेव्हा तीन आठवडे रजेचे अर्ज कुठे जाताहेत ते कुणालाच कळलं नाही, लोकांना वाटलं रजा मंजूर आहे. दोष कुणाचा म्हणाल तर आमचाच. तेव्हा सामाईक खातं करून घ्या त्यावर फ्लो ठेवा, निदान दुसरा एक सहमालक तरी जोडा. वनड्राइव्हचंही तसंच, खातं काढून टाकलं की डीफॉल्टला ३० दिवस फाईली राहतात, तेवढ्यात कुणी हलवल्या नाहीत तर संपलं. आणि मंजुरी व्यक्तीच्या नावाला बांधू नका, 'अकाउंट्स_प्रमुख' अशा गटाला बांधा. माणूस बदलला की गटातलं नाव बदलायचं, फ्लोला हात लावायचा नाही.

परवानग्यांबद्दल एकच. "सगळ्यांना एडिट" देऊन टाकायचा मोह होतो, सोपं पडतं. देऊ नका. बारभाईंचा कारभार होतो.


खर्डेघाशी:

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. तीन आठवडे झाले, काय केलं ते सांगते.

@मधली_सुट्टी, तुमचं ऐकून एका मागणीच्या मागे चालले, प्रिंटरच्या टोनरची होती. नियमाप्रमाणे चार थांबे, प्रत्यक्षात सात जणांनी हात लावला. त्यात अकाउंट्सकडे मागणी दोनदा जाते, एकदा साहेबांच्या आधी आणि एकदा नंतर. दुसऱ्यांदा कशाला हे अकाउंट्सला विचारलं तर ते म्हणाले खरेदीला हवं असतं, खरेदीला विचारलं तर म्हणाले अकाउंट्सचाच नियम आहे. साहेबांना विचारलं तर त्यांना असं काही होतं हेच माहीत नव्हतं. गेल्या वर्षभराचे मेल चाळले, त्या दुसऱ्या थांब्यावर एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही. काढून टाकला. सॉफ्टवेअर यायच्या आधीच दोन दिवस वाचले!

मग लिस्ट केली, आठ रकाने (सातावर थांबता आलं नाही, एक अकाउंट्सने मागितला). फ्लो अजून लावला नाही, अवस्था हाताने बदलतोय. पहिल्या आठवड्यात येरे माझ्या मागल्या झालं, मेल येतच होते, मग खरेदीने सरळ सांगितलं की नंबर सांगा नाहीतर ऑर्डर नाही. @तिहेरी_ताळा, तो हट्ट कामाला आला. 'आता कुणाकडे' या रकान्याने तर कहर केलाय, आधी लोक मला फोन करून विचारायचे माझ्या मागणीचं काय झालं, आता स्वतःच बघतात आणि थेट त्या माणसाला जाऊन गाठतात. त्या माणसांना ते फारसं आवडलेलं नाही.

एक अडलंय. खरेदीतले एक काका अजूनही प्रत्येक मागणीची प्रिंट काढतात, त्यावर विभागप्रमुखाची सही घेतात आणि मग स्कॅन करून यादीतल्या ओळीला जोडतात. बाकी सगळं व्यवस्थित करतात. त्यांना कसं सांगू?


दप्तरदार:

सांगू नका, विचारा. प्रिंट कशाला लागते ते विचारा. आमच्याकडे असंच एक गृहस्थ प्रिंट काढायचे, सगळे हसायचे, शेवटी कळलं की पडद्यावर अक्षर बारीक दिसायचं.


खर्डेघाशी:

विचारलं. त्यांना आधीच्या मागणीचे दर आणि आत्ताचे दर शेजारी शेजारी ठेवून बघायचे असतात, यादीत एक ओळ उघडली की दुसरी दिसत नाही. आणि सही का, तर तिन्ही फाईली फिरायच्या तेव्हा खरी कुठली हे ओळखायची त्यांची ती खूण होती, सही असलेली ती खरी. मी वस्तूनुसार गट पाडलेला एक व्ह्यू करून दिला, जुने दर खाली लागोपाठ दिसतात.

प्रिंट अजून काढतात. सही घेणं मात्र कालपासून बंद आहे.